रमाबाईंची शिकवणी

संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास एकवीरेच्या पायथ्याची वर्दळ ओसरू लागते. ओटीचे नारळ, हार आणि पेढे विकणारी दुकाने आवराआवरीला लागतात, डोंगरावरून उतरणारी शेवटची माणसे मळवलीच्या गाडीसाठी घाई करतात आणि आमच्या ओसरीवर चार-सहा दप्तरे येऊन पडतात. नोकरीतून निवृत्त होऊन कार्ल्याला राहायला आल्यापासून मी गावातल्या काही मुलांना इंग्रजी शिकवते. शिकवणीचा वर्ग म्हणावा असे त्याला काही रूप नाही. एक सतरंजी, एक फळा आणि ज्याला जे अडते ते.

मागल्या वर्षी त्यात एक सातवीतली मुलगी आली. आईवडिलांचे पायथ्याशी ओटीच्या सामानाचे दुकान. मुलगी हिशेबात चटपटीत, मराठीचे पुस्तक खणखणीत वाचणारी. पण इंग्रजीचे पुस्तक पुढे केले की तिची मान खाली जायची. पुस्तक उघडून पाहिले तर प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक देवनागरी अक्षरांत त्याचा उच्चार लिहिलेला. ती इंग्रजी वाचतच नव्हती, वरची मराठी अक्षरे वाचत होती. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे ही मुलगी सहा वर्षे इंग्रजी शिकून माझ्याकडे आली होती. घरी आजीचे म्हणणे असे की, पोरीच्या जातीला दुकानापुरता हिशेब येतो, तेवढे पुरे. संध्याकाळची गिऱ्हाइकाची वेळ कशाला घालवायची?

पहिल्या महिन्यात काहीच हलले नाही. हिला काही जमायचे नाही, असा विचार माझ्याही मनात येऊन गेला, हे कबूल केले पाहिजे. नोकरीच्या काळात एका मुलाबद्दल असाच निकाल मी भर वर्गात बोलून दाखवला होता. त्या मुलाने त्यानंतर माझ्या तासाला तोंड उघडले नाही. ती चूक पुन्हा करायची नव्हती. त्या दिवसांत कपाटातून एक जुने पुस्तक पुन्हा काढले आणि ओळखीच्या बाईकडे सल्ल्याला जावे तसे वाचायला बसले. ते पुस्तक म्हणजे रमाबाई रानड्यांच्या आठवणी.

रमाबाई म्हटले की आपल्याला न्यायमूर्ती रानड्यांची सावलीसारखी पत्नी आठवते, नाहीतर सेवासदनच्या संस्थापिका आठवतात. २०१२ साली ‘उंच माझा झोका’ ही मालिका घरोघर पाहिली गेली, तेव्हा छोटी रमा सगळ्यांच्या कौतुकाची झाली. पण शिकवण्याचा धंदा केलेल्या माझ्यासारखीला त्या चरित्रात आणखी एक गोष्ट दिसते. हे एका शिकवणीचे चरित्र आहे. ती कशी चालली, कुठे अडली, तिची किंमत कोणी मोजली आणि शेवटी त्यातून काय उभे राहिले, हे सारे तिथे आहे.

त्यांचे माहेर कुर्लेकरांचे, गाव देवराष्ट्रे. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होते, आज सांगली जिल्ह्यात आहे. पुढे १९१३ साली याच गावात यशवंतराव चव्हाण जन्मले. माहेरचे नाव यमुना. जन्म १८६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतला. बाईमाणसाने हातात पुस्तक धरले तर कपाळाचे कुंकू पुसले जाते, अशी त्या काळची समजूत होती आणि ती खेड्यातल्या अडाणी माणसांचीच होती असे नाही, चांगल्या जाणत्या घरांतूनही होती. यमुनेला अक्षरओळख नव्हती. १८७३ च्या डिसेंबरात अकरा वर्षांची ही मुलगी लग्न होऊन रानड्यांच्या घरी आली.

नवरा एकतीस वर्षांचा. माधव गोविंद रानडे, मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक, एम. ए., एलएल. बी., एल्फिन्स्टन कॉलेजात काही वर्षे शिकवून पुण्यात न्यायखात्यात आलेले. पहिली पत्नी त्याच वर्षी वारली होती. विधवाविवाहाचा कैवार घेणारा हा माणूस आता एखाद्या विधवेशी लग्न करील, अशी त्यांच्या सुधारक मित्रांची अपेक्षा होती. वडिलांना तीच भीती होती, म्हणून त्यांनी घाईने ही मुलगी पाहून ठेवली. माधवरावांनी विरोध केला आणि शेवटी वडिलांपुढे मान तुकवली. त्याबद्दल त्यांना आयुष्यभर टोमणे ऐकावे लागले. आपण ज्या बालविवाहाविरुद्ध बोलतो तोच आपल्या घरात झाला, ही बोच घेऊन ते त्या मुलीसमोर उभे राहिले. त्यांनी तिला लिहिता-वाचता येते का हे विचारले आणि नाही हे कळल्यावर पाटी आणवली.

इथे मला नेहमी थांबावेसे वाटते. ही शिकवणी त्या मुलीने मागितली नव्हती. लग्नही तिने मागितले नव्हते. अकरा वर्षांच्या मुलीपुढे तिच्या तिप्पट वयाचा, बड्या हुद्द्याचा, जगभरचे वाचलेला माणूस बसतो आणि अ, आ गिरवायला लावतो, या चित्रात धाक भरपूर आहे. असाच दुसरा नवरा त्याच काळात आपल्या बायकोला शिकवत होता. गोपाळराव जोशी. त्यांच्या शिकवणीत मारही होता आणि संतापही. आनंदीबाई त्या शिकवणीतून अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या आणि १८८७ साली, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी गेल्या. शिक्षण देणारा नवरा मिळाला म्हणजे भाग्य उजळले, असे सरसकट म्हणता येत नाही. शिकवणारा कसा शिकवतो, यावर शिकणाऱ्याचे दिवस कसे जातात ते ठरते.

माधवरावांच्या शिकवण्यात मला दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे वेळ. दिवसभर कोर्ट, संध्याकाळी सार्वजनिक सभेचे काम, भेटायला येणाऱ्यांची रीघ, एवढे सगळे असून रात्रीचा वेळ त्यांनी अभ्यासाला ठेवला आणि तो सहसा मोडू दिला नाही. दुसरी म्हणजे आपल्याला सगळे शिकवता येत नाही, हे त्यांनी ओळखले. मराठी अक्षरओळख झाल्यावर त्यांनी फीमेल ट्रेनिंग कॉलेजमधल्या सगुणाबाई देव यांना घरी शिकवायला बोलावले. हे कॉलेज पुण्यात १८७० साली निघाले होते. बायकांना शिक्षिका करायचे, हाच त्याचा उद्देश. म्हणजे शिकवण्याचे शिक्षण घेतलेली एक बाई दुसरीला शिकवू लागली. आज आपल्याला यात विशेष वाटत नाही. पण शिकलेली, पगार मिळवणारी बाई डोळ्यांपुढे रोज येऊन बसणे, हा त्या मुलीसाठी निराळाच धडा असला पाहिजे.

१८७८ साली रानड्यांची नाशिकला बदली झाली. पुण्याच्या मोठ्या कुटुंबापासून दूर तिथला संसार आटोपशीर होता आणि तिथे इंग्रजीचा अभ्यास जोमाने सुरू झाला. शिकवणारे स्वतः माधवराव. कॉलेजात इंग्रजी शिकवलेला माणूस आता एकाच विद्यार्थिनीला पहिल्यापासून इंग्रजी शिकवत होता. कॉलेजातले व्याख्यान आणि ही शिकवणी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. वर्गात शिक्षक पुढे चालतो आणि मुले मागून येतात. कोण मागे राहिले हे पुष्कळदा परीक्षेनंतर कळते. एकाच मुलापुढे बसले की त्याची नजर कुठल्या अक्षरावर अडखळली, हे तिथल्या तिथे दिसते. चूक पक्की व्हायच्या आत धरता येते, आणि ती चूक ऐकणारे दुसरे कोणी नसल्यामुळे लाज वाटत नाही. शिकवणीचा सगळा फायदा खरे तर एवढ्यातच आहे. त्यात जादू काही नाही.

आणखी एक गोष्ट रमाबाईंच्या पथ्यावर पडली. माधवरावांची दृष्टी अधू होती. विद्यार्थिदशेतल्या वाचनाने डोळे बिघडले होते ते कायमचे. त्यांना वाचून दाखवायला माणूस लागे. रमाबाईंना वाचता येऊ लागले तसे हे काम त्यांच्याकडे आले. आपण मोठ्याने वाचलेले कोणालातरी खरोखरच हवे आहे, यासारखा सराव नाही. धडा म्हणून वाचणारे मूल पान संपायची वाट पाहते. वर्तमानपत्र वाचून दाखवणाऱ्याला मजकूर ऐकणाऱ्यापर्यंत पोचवावा लागतो. उच्चार चुकला तर ऐकणाऱ्याला अर्थ लागत नाही, तो पुन्हा विचारतो आणि वाचणारा पुन्हा नीट वाचतो. विद्यार्थिनी इथे गुरूच्या उपयोगी पडत होती, आणि त्यामुळे तिच्या मनातला संकोच हळूहळू गेला असावा.

१८७९ साली वासुदेव बळवंतांचे बंड आणि पुण्यातल्या वाड्यांना लागलेल्या आगी यांमुळे सरकारला पुण्याच्या पुढाऱ्यांचा संशय आला. रानड्यांना तातडीने धुळ्याला धाडण्यात आले. पुढे थोडे दिवस मुंबई आणि १८८१ साली पुन्हा पुणे. पुण्याला परतल्यावर रमाबाईंच्या अभ्यासाची खरी परीक्षा सुरू झाली.

पुण्याच्या घरी सासू, नणंद, नात्यातल्या वडीलधाऱ्या बायका असा मोठा गोतावळा होता. मराठी वाचणे त्यांनी कसेबसे सोसले होते. पोथी वाचता येते, एवढे तरी त्याचे समर्थन होते. इंग्रजीला तेही नव्हते. इंग्रजी म्हणजे साहेबाची भाषा, मडमांचा सहवास, बाटण्याची पहिली पायरी. त्यातच मिस हरफर्ड या ट्रेनिंग कॉलेजच्या इंग्रज बाई रमाबाईंना शिकवू लागल्या. मडमेला शिवल्याचा विटाळ झाला म्हणून शिकवणी संपली की अंघोळ करायची, मगच घरात वावरायचे, असा बायकांनी दंडक घातला. थंडी असो, अंग मोडून आलेले असो. शिवाय दिवसभर टोमणे, अबोला, स्वयंपाकघरातली कामे मुद्दाम अंगावर टाकणे, हे निराळेच.

या बायका दुष्ट होत्या, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला तसे वाटत नाही. त्यांपैकी काही स्वतः बालविधवा होत्या. घरातली ही पोर रात्री पाटीपुस्तक घेऊन बसते, तिच्यासाठी शिकवायला बाई येते, नवरा तिचे वाचन ऐकत बसतो, हे पाहताना त्यांच्या मनात काय होत असेल? आपल्याला जे कोणी दिले नाही ते समोरच्या ताटात वाढलेले पाहण्याचा तो प्रकार होता. माधवरावांची नणंदपणाची नव्हे तर सख्खी बहीण दुर्गा, त्याच घरात तरुणपणी वैधव्य घेऊन राहात होती. 

आणि माधवराव? त्यांनी घरातल्या बायकांना कधी अडवले नाही. रमाबाईंनीही उलट उत्तर देऊ नये, सोसावे आणि अभ्यास मात्र सोडू नये, अशी त्यांची शिकवण होती. त्यांच्या चाहत्यांना यात थोर शांतवृत्ती दिसते. मला त्यात शिकवणाऱ्याची एक उणीवही दिसते. घरचा पाठिंबा मिळवून देणे हेही शिकवणाऱ्याचे काम आहे. ते त्यांनी आपल्या विद्यार्थिनीवरच सोडले. इंग्रजी शिकण्याची किंमत थंड पाण्याच्या अंघोळीने आणि मुक्या गिळलेल्या शब्दांनी तिने एकटीने चुकवली.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. संस्कृतात पारंगत, निराधार, तरुण विधवा. त्यांनी आर्य महिला समाज काढला, त्यात रानड्यांच्या रमाबाईही गेल्या. संस्कृतच्या या पंडितेलाही इंग्रजी येत नव्हते आणि त्याही मिस हरफर्ड यांच्याकडेच इंग्रजी शिकल्या. सगळ्या हिंदुस्थानात जिच्या पांडित्याचा डंका वाजत होता ती स्त्री आणि दहा वर्षांपूर्वी अक्षरशत्रू असलेली देवराष्ट्र्याची मुलगी, दोघींची इंग्रजीची बाई एकच. १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. दुसरी रमाबाई पुण्यातच राहिली आणि त्याच घरात अभ्यास करीत राहिली.

त्या सुमारास पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढण्याची खटपट चालू होती. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे त्यासाठी जे निवेदन करायचे होते ते इंग्रजीत वाचण्याचे काम रमाबाईंकडे आले. मजकूर माधवरावांनी लिहून दिला होता. तो त्यांच्याकडून वाचून घेतला, बसवला. सभेत साहेबमंडळी, शहरातले प्रतिष्ठित, आणि त्यांच्यापुढे एक विशीतली ब्राह्मण स्त्री उभी राहून इंग्रजी वाचते आहे, असे दृश्य पुण्याने पाहिले. घरी परतल्यावर मात्र जे व्हायचे तेच झाले. भर सभेत पुरुषांपुढे इंग्रजी वाचले म्हणून बायकांनी त्यांना टाकून बोलणे ऐकवले. १८८४ च्या सप्टेंबरात मुलींची ती शाळा उघडली. आज तिला सारे पुणे हुजूरपागा म्हणून ओळखते.

ते शब्द रमाबाईंचे नव्हते, हे खरे. शिकवणीला लागलेल्या मुलांचे पुष्कळदा असे होते. वाचन सफाईदार, पण मजकूर दुसऱ्याचा. शिकवणी जमली की नाही हे ताडायला आणखी पुढे पाहावे लागते, आणि पुढे पाहायला रमाबाईंनी भरपूर जागा ठेवली आहे.

तत्पूर्वी कलकत्त्याची एक हकीकत सांगितलीच पाहिजे. १८८६ साली रानड्यांची सरकारच्या फायनान्स कमिटीवर नेमणूक झाली आणि दोघांचा मुक्काम कलकत्त्याला पडला. तिथे माधवरावांनी बंगाली शिकायचे मनावर घेतले. पुस्तक आणले, आणि दाढी करायला येणाऱ्या न्हाव्याला गुरू केले. तो दाढी करीत असे आणि हे बंगाली वाचत, अडले की त्याला उच्चार विचारत. मोठ्या हुद्द्यावरचा हा माणूस न्हाव्यापुढे शिकाऊ होऊन बसलेला पाहून रमाबाईंना आधी गंमत वाटली. दत्तात्रेयाने चोवीस गुरू केले, त्यात मधमाशी होती आणि अजगरही होता. तोच हा संस्कार. काही दिवसांत रमाबाईही बंगाली वाचू लागल्या. मला या प्रसंगाचे मोल वेगळ्याच कारणासाठी वाटते. आपल्याला शिकवणारा माणूस स्वतः अडखळत अक्षरे लावताना पाहणे, हे विद्यार्थ्याला फार धीर देते. तोवर त्याला वाटत असते की गुरूला सारे जन्मतःच येत होते.

हा माणूस विद्यार्थिनीच्या मतालाही कसा सामोरा गेला, याची साक्ष आमच्या लोणावळ्याने पाहिली आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली आणि त्यावरून ग्रामण्य उभे राहिले. त्यात रानडे होते, टिळकही होते. १८९२ साली लोणावळ्याला मुक्काम असताना माधवराव पुण्याला गेले, अडचणीत सापडलेल्या मित्रांसाठी प्रायश्चित्त घेतले आणि लोणावळ्याला परतले. रमाबाईंना ते मुळीच रुचले नाही. इतक्या वर्षांची, इतके सोसून कमावलेली निष्ठा अशी खाली ठेवायची कशाला, असा तो सल होता, आणि त्यांनी तो पुढे आठवणींत लिहूनही ठेवला. माझी मुले संध्याकाळी येतात तेव्हा मळवलीकडून लोणावळ्याला जाणाऱ्या गाडीचा आवाज येतो. नवऱ्याला देव मानणारी ही बाई त्याच लोहमार्गाच्या कडेच्या गावात बसून त्याच्याशी मनात भांडत होती, हे आठवून मला बरे वाटते. पाटीवर अक्षर गिरवणाऱ्या मुलीला आता स्वतःचे मत होते.

१६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव मुंबईत वारले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. मूलबाळ नव्हते. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे विधवेने कोपरा धरायचा होता, आणि काही काळ त्यांनी स्वतःला कोंडूनही घेतले. मग त्या बाहेर आल्या. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर कार्याचा गाडा ओढीत आणि रमाबाई अध्यक्ष. आरंभीचे वर्ग रानड्यांच्या वाड्यातच भरले. ज्या घरात इंग्रजीचे पुस्तक उघडले म्हणून अंघोळ करावी लागत होती, त्याच घरात आता परक्या घरच्या बायका पाट्या घेऊन बसू लागल्या.

आणि त्या कोण बायका होत्या? शाळेचे वय उलटून गेलेल्या. विधवा, टाकलेल्या, मुलाबाळांच्या आया. त्यांच्यासाठी प्राथमिक वर्ग, शिवण, शिक्षिकांचे ट्रेनिंग, ससून हॉस्पिटलात परिचारिकांचे शिक्षण. उशिरा शिकू लागलेल्या बाईला काय अडते, घरातून कोणते बोल ऐकावे लागतात, लाज कुठे वाटते, हे चालकांपैकी कोणाला आतून ठाऊक असेल तर ते रमाबाईंना. आपल्या गुरूने जे केले नव्हते ते त्यांनी केले. शिकणाऱ्या बाईला तिच्यासारख्या दहाजणींची सोबत दिली. येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांकडेही त्या जात राहिल्या. १९२० साली पुण्याच्या नगरपालिकेत सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न निघाला आणि मुलींना तूर्त वगळावे असे मोठमोठे लोक म्हणू लागले, तेव्हा या साठीच्या घरातल्या बाई मुलींसाठी मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९२४ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

१९१० साली त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध झाले, त्याला प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखल्यांची. सगळे पुस्तक नवऱ्याविषयी आहे असे त्यांचे म्हणणे. पण शब्द आता सर्वस्वी त्यांचे होते, आणि ते मराठी होते. इंग्रजीसाठी एवढे सोसलेल्या बाईने मनातले सांगायला आपली भाषा घेतली. यात मला विसंगती दिसत नाही. एक भाषा नीट शिकताना वाचण्याची, नेमके बोलण्याची, चारचौघांत उभे राहण्याची जी हिंमत येते, ती सगळ्या भाषांच्या कामी येते. रमाबाईंच्या इंग्रजीने सर्वांत मोठा उपकार केला तो त्यांच्या मराठीवर.

हे सारे वाचून मी माझ्या ओसरीवर तीन बदल केले. त्या मुलीला म्हटले, पाठ्यपुस्तक काही दिवस बाजूला ठेव. चष्म्याचे निमित्त करून रोज एक लहानसे इंग्रजी पान तिने मला वाचून दाखवायचे असे ठरवले. औषधाच्या बाटलीवरचा कागद, बिस्किटाचा पुडा, गाडीचे वेळापत्रक, जे हाताला येईल ते. डोक्यावर मराठी अक्षरे लिहायची नाहीत; अडले तर तिथेच विचारायचे. दुसरे म्हणजे, मी मोडी लिपी शिकायला घेतली आणि ती तिच्यादेखत शिकू लागले. माझी मोडी वाचताना होणारी फजिती पाहून ती पोट धरून हसते. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड होती. मी तिच्या घरी गेले आणि आजीला शिकवणीला बोलावले. शिकायला नव्हे, नुसते बसायला.

आजी आधी आल्या नाहीत. मग एकदा नातीला न्यायला आल्या आणि उंबऱ्याशी टेकल्या. हळूहळू रोज येऊ लागल्या. त्यांना इंग्रजी कळत नाही. पण नात कुठे अडखळली हे त्यांना नेमके कळते. तिथे त्या माझ्याकडे पाहतात.

या जानेवारीत आम्ही सगळे वर लेण्यांकडे गेलो होतो. चैत्यगृहातल्या खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट गावचे यवन आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी परक्या वंशाचे लोक आपले दान इथल्या प्राकृत भाषेत नोंदवून गेले. त्यांनाही ती भाषा कोणीतरी शेजारी बसून शिकवली असेल. बाहेर पुरातत्त्व खात्याची इंग्रजी पाटी आहे. मुलगी तिच्यापुढे उभी राहिली आणि एकेक शब्द लावत वाचू लागली. तीन ठिकाणी चुकली, एका शब्दापाशी बराच वेळ थांबली. मी काही बोलले नाही. आजींनीही माझ्याकडे पाहिले नाही. त्या नातीकडे पाहात होत्या. तो शब्द तिने दुसऱ्या खेपेला बरोबर वाचला आणि पुढच्या ओळीला लागली.